मुलुंडहून बंद केलेला नळ

मिनियापोलिस, १० जानेवारी

ति. नंदूदादास,
सा. न. वि. वि.
फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे लिहून फोटो पाठवतेय. श्रेयस आणि ऋता छोट्या मीराला घेऊन दोन दिवस एका लग्नाला गेलेत. घर पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलंय. बाहेर उणे पंचवीस! पाइपात पाणी गोठू नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ ठिबकत ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी, असं सूनबाईंनी दहादा बजावलंय.

मला ते ठिबकणं बघवत नाही रे. तीन बादल्या, दोन पातेली भरून झाली, आता नळाखाली कुकर लावलाय. काय करू? पुढच्या महिन्यात ऋता कामावर जाणार, तेव्हा मीराला माझ्याजवळ ठेवायचं म्हणतायत. त्यामुळे काही चुकायला नको.

लवकर कळव, आणि ओरडू नकोस.
तुझी,
शुभा

मुलुंड, ११ जानेवारी

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.
वाचून डोकंच फिरलं. अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी! परवाच तिसऱ्या मजल्यावरच्या केतनचं नाव गळक्या नळापायी फळ्यावर लिहिलं. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. आणि माझी सख्खी बहीण दिवसभर पाणी सोडून बसणार?

थंडीचं मला सांगू नकोस. इथेही कडाका आहे, मी कानटोपी घालूनच टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला जातो. गोठलाय का कधी आमचा पाइप? नळ घट्ट बंद कर. फारच वाटलं तर पाइपाला जुनी शाल गुंडाळ. कपाटाची दारंही लाव, झुरळं होतात.

मीराला पापा. माया आहेच, पण पाणी जपून.
नंदूदादा

मिनियापोलिस, १४ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.
वाट लागली. पाइप फुटला, तुझ्या शालीसकट. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, लाकडी जमीन फुगून वर आली. नळ का बंद केला, असं श्रेयसने विचारलं. तुझं नाव कसं घेऊ? मामा म्हणजे त्याला देव. विसरले, असं सांगून टाकलं.

ते दोघं ओरडले असते तर बरं झालं असतं. आता ऋताने माझी स्मरणशक्ती तपासायला गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय आणि मीरासाठी पाळणाघरं बघतेय. आता खरं सांगितलं तर सारवासारव वाटेल. खूप रडू येतंय रे दादा.

तुझ्यावर रागावले नाहीये.
शुभा

मुलुंड, १५ जानेवारी

चि. सौ. ऋतास,
अनेक आशीर्वाद.
शुभाला काहीही विसर पडलेला नाही. तुझं सांगणं तिने मला जसंच्या तसं कळवलं होतं. नळ मी बंद करायला लावला, इथे मुलुंडमध्ये अठरा डिग्रीत बसून. चूक सर्वस्वी माझी. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय, सोसायटीत कुणाला दाखवू नकोस.

मीराला तिच्या आजीजवळच ठेव. आमची शुभा माझ्यासाठी वेडी ठरायला तयार झाली गं, आणि मी तिला झुरळांचं शिकवत होतो.

डॉक्टरांची वेळ मात्र रद्द करू नकोस. फोनवर जमत असेल तर मी बसतो तपासणीला.

राग ओसरला की थोडा लोभ या म्हाताऱ्यावरही ठेव.
तुझा मामेसासरा,
नंदकुमार