मीडियमची कंबर

३ मार्च, सोमवार

काल एल होते, आज एक्सएल. मधल्या वेळात खाल्लं काय? दोन अंडी आणि एक संत्रं!

नवा चार्ट आलाय. आम्ही ज्या कंपनीसाठी कपडे शिवतो, तिने पाठवलाय. मीडियमची कंबर चौऱ्याहत्तर सेंटीमीटर होती, ती सत्तर केली. खालचे-वरचे सगळे साइझ त्याच हिशेबाने चार-चारने आत. कटिंग मास्तरांनी तो कागद ट्रायल रूमच्या आरशाशेजारी चिकटवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "लेखिकाबाई, अभिनंदन! बसल्या जागी वाढलात की!"

मी हसले. मावशी नाही हसली.

कारण मीडियम म्हणजे मावशी. गेली अकरा वर्षं. कुठलाही नवा कपडा आधी एकच शिवतात आणि तिला घालतात. ती स्टुलावर उभी राहते, हात वर करते, वाकते, बसते. "काखेत काचतोय." "सीटला बरोबर." मास्तर खडूने खुणा करतात, मग त्यावरून हजारो कापले जातात. खालच्या शिलाईच्या हॉलमध्ये तिचं खरं नाव कुणाला माहीत नाही. मीडियमताई! माझं काम दर सोमवारी तिची मापं घेऊन रजिस्टरात लिहायची. साहित्यातली पदवी अशी कामाला आली. नोकरी तिनेच लावून दिली, राहतेही तिच्याकडेच.

मॅनेजर येऊन चार्टसमोर उभा राहिला. त्याला सगळे स्केल म्हणतात. हातात कायम स्टीलची पट्टी, अंगकाठीही तीच. "ताई, सात एप्रिलपर्यंत वेळ आहे. सत्तर जमतंय का बघा. नाहीतर बाहेरून मुलगी बघावी लागेल."

अगदी गोड आवाजात. मावशी म्हणाली, "जमेल की."

सेहेचाळीस वर्षांची आहे ती.

४ मार्च

फ्रीजच्या दारावर कागद. त्यावर ७०. बास.

९ मार्च, रविवार

कपाट आवरताना तिचा विशीतला फोटो सापडला. काडी! मनगटाचं हाड दिसतंय. "यात बासष्ट होती कंबर," म्हणाली. तेव्हा गल्लीतले लोक विचारायचे, घरात जेवायला घालतात ना हिला? एक ठिकाण ठरत आलेलं मोडलं. मुलगा चांगला होता म्हणे. निरोप काय आला, तर 'मुलगी अंगाने अगदीच नाही.' आजीने रडून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरांनी वजन वाढायचं टॉनिक दिलं. तपकिरी बाटली, तिच्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. रोज सकाळी दोन केळी आणि लोण्याचा गोळा, आजी समोर बसून संपवून घ्यायची. दीड वर्षात सत्तर झाली.

"हीच सत्तर बरं का! तुझ्या आजीने शेजारी पेढे तेवढे वाटले नाहीत."

आणि खूप वेळ हसत बसली. मला नाही हसू आलं. लग्न शेवटी झालं नाहीच तिचं.

१७ मार्च, सोमवार

साडेत्र्याहत्तर. दोन आठवडे उकडलेला कोबी आणि बिनदुधाचा चहा— अर्धा सेंटीमीटर!

"श्वास सोड," मी म्हणाले.

"सोडलाय."

सोडला नव्हता. पोट पाठीला लावून उभी होती.

२४ मार्च

त्र्याहत्तर.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की मावशी उठून जाते. वास नको वाटतो म्हणते. आज बटणं लावणारीने तिला दारातच गाठलं. "ताई, काय मेन्टेन केलंय हो! सांगा ना, काय खाता?"

"काही नाही गं."

"बघा! कधी म्हणून सांगायच्या नाहीत!"

सगळ्या हसल्या. मावशीही.

कंगव्यात केसांचा पुंजका निघतो रोज. ती तो कागदात गुंडाळून टाकते, मला दिसू नये म्हणून.

३१ मार्च

पुन्हा त्र्याहत्तर. आठवडाभर जवळपास पाण्यावर होती. तरी त्र्याहत्तर! अंगाचं पण एक असतं, नाही म्हटलं की नाही.

आता एकच सोमवार उरला. तिला काढलं तर जाणार कुठे? दुसरं काहीच येत नाही असं नाही, शिवणकाम येतं. पण अकरा वर्षं ती शिवत नाहीये, ती *माप* आहे. काल म्हणाली, "बाई, मी उद्या एल झाले, तर इतकी वर्षं मी कोण होते?"

दुपारी मास्तरांच्या खणात खडू शोधत होते. जुना कापडी टेप हाती लागला. मळकट, टोकाची पत्री निघालेली. मास्तर म्हणाले, "तो टाकून द्या. ओढून ओढून सैल झालाय. दोन सेंटीमीटर खातो."

"खातो म्हणजे?"

"म्हणजे त्याने मापलं की कुणीही बारीक!"

नाही टाकला. पर्समध्ये आहे.

७ एप्रिल, सोमवार

केलं.

त्या टेपने एकाहत्तर आले. उरलेला एक मी अंगठ्याने ओढला. "सत्तर!" माझाच आवाज किती मोठा. स्केल दारात होता, त्याने पट्टी टेबलावर आपटली— "शाब्बास, ताई!" मी रजिस्टरात लिहिलं. ७०. पेनचं टोक कागदात रुतलं.

कॉलेजात चार कथा लिहिल्या. एकीवरही कुणाचा विश्वास बसला नव्हता.

घरी आल्यावर मावशीने दोन अंडी खाल्ली. लोणी लावून पाव खाल्ला. मी समोर बसून बघत होते, आजीसारखी. सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं!

१६ एप्रिल

नव्या लॉटचं पहिलं सॅम्पल. मावशीच्या कंबरेला बटण लागेना.

मास्तर बुचकळ्यात. "सत्तरच ना?" मी रजिस्टर दाखवलं. त्यांनी कपडा उलटा केला, शिवण बघितली, ओठ मुडपले. मग म्हणाले, "कापडच आखडत असेल. मरू दे चार्ट. चार्ट भिंतीवर आहे, बाई समोर आहे. मी बाईवर शिवतो." आणि पॅटर्न तीन सेंटीमीटरने सैल केला.

म्हणजे आता निघणारा प्रत्येक मीडियम तीनने मोठा. हजारो! मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर मावशी गेली असती. मीपण. टाचण्या गोळा करत राहिले.

मावशी स्टुलावरच. मास्तर खाली वाकलेले आणि ती समोर आरशात बघत होती. माझ्याकडे नाही.

२ जून, सोमवार

सोमवारची मापं घेते, पण आकडा वाचत नाही. टेप फिरवते, काढते, सत्तर लिहिते. वाचून करायचंय काय? उत्तर ठरलेलंच आहे.

बातमी— लॉट हातोहात गेला! कंपनीचं पत्र आलं. इतका कमी माल परत कधीच आला नव्हता म्हणे. बायका लिहितायत, 'मला मीडियम बसतो!!' एकीने तर ट्रायल रूममध्ये रडू आलं असं कळवलंय. स्केलने सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. माझ्या एका थापेवर अनोळखी बायका आरशासमोर उभ्या राहून खूश होतायत. लिहिणारीला आणखी काय हवं?

मावशीने बिस्कीट रुमालात ठेवलं. "नंतर खाते."

"आता कशाला गं? झाली की सत्तर."

"टिकवायला नको?"

२३ जून

पुढच्या लॉटचं सॅम्पल. मावशीच्या अंगावर लोंबलं. मास्तरांनी ते आत घेतलं. बाईवर शिवतात ना ते.

मी बघितलं आणि बघितलंच नाही. 'मास्तरांचा अंदाज चुकला' असं मनात म्हणाले. रजिस्टरात सत्तरच.

१४ जुलै, सोमवार

स्टुलावरून पडली. हात वर करायला सांगितले, केले, आणि तशीच बाजूला कलंडली. आवाजही फारसा झाला नाही.

दवाखाना. नर्सने धरून वजनकाट्यावर उभं केलं, भिंतीवरचा वजन-उंचीचा तक्ता बघितला आणि म्हणाली, "वा! या वयात! आम्हालाही सांगा गुपित." मावशी अर्धवट शुद्धीत हसली. सवयीने.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नाडी धरली ती सोडेचनात. मग इसीजी. मग परत इसीजी. माझ्याकडे वळून, "किती महिने चाललंय हे?"

"सत्तर आहे तिची," मी म्हणाले. "दर सोमवारी मी मापते."

त्यांनी खणातून साधा कागदी टेप काढला.

साडेसहासष्ट.

"तुम्ही मापता?" बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जुलै

हृदय थकलंय. डॉक्टरीणबाई हाच शब्द वापरतात. स्नायू झिजलेत, त्यात तेही आलं. खायला घाला, पण जपून. एकदम दिलं तर तेही झेपणार नाही.

दोन चमचे भात. तिसऱ्याला मान फिरवते. नाटक नाही करत. खरंच जात नाही.

आईचा फोन— "तू पाठवलेला फोटो बघितला. किती बारीक झालीय गं ताई! छान दिसतेय. नाहीतर तू!"

मी फोन ठेवून दिला.

४ ऑगस्ट, सोमवार

दुसरा लॉट परत आला. खोक्यांनी जिना भरलाय. तो मावशीच्या जूनमधल्या अंगावर शिवला होता ना. पत्रात लिहिलंय, 'मीडियम घातल्यावर श्वास घेता येत नाही, अशा तक्रारी आहेत.' त्यासोबत आणखी एक नवा चार्ट! 'ग्राहकांच्या प्रत्यक्ष शरीरांचा विचार करून' मीडियमची कंबर अठ्ठ्याहत्तर. सगळ्यात लहान साइझ सत्तर.

मावशी चार्टवरच नाहीये.

संध्याकाळी स्केल घरी आला. सफरचंदं घेऊन, पट्टीशिवाय. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्याला. "ताई, आराम करा. कामाची काळजी करू नका." म्हणजे काय ते तिघांनाही कळलं. मावशी म्हणाली, "माझ्या जागी मुलगी मिळाली का?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"तुमची कंबर किती हो?"

सांगायला टेप लागला नाही. पाच महिन्यांपूर्वी ह्याच कंबरेची मी एक्सएल होते. एक चमचा कमी-जास्त खाल्लेला नाही.

मावशीच म्हणाली, "हो म्हण."

११ ऑगस्ट, सोमवार

स्टुलावरून खोली वेगळी दिसते. मास्तरांच्या डोक्यावर टक्कल पडलंय, ते मला माहीत नव्हतं. ते टाचण्या लावत होते. फक्त "वाका", "बसा".

माप माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने घेतलं. नव्या टेपने. अठ्ठ्याहत्तर. "एवढीच राहा हं," स्केल म्हणाला.

जिन्यात कुणीतरी हाक मारली, "मीडियमताई!" मी वळले.

१८ ऑगस्ट

दीड चमचा. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई आता 'बऱ्या होतील' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात.

२१ ऑगस्ट

आज सांगून टाकलं तिला. टेपचं, अंगठ्याचं, सगळं.

"माहितीये," म्हणाली. "त्याच संध्याकाळी न्हाणीघरात मापलं होतं मी. त्र्याहत्तर."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लिहून बसली होतीस ना. कुणी तपासलं असतं तर तू गेली असतीस. म्हटलं, तू लिहिलंयस तेवढी होऊन दाखवू."

"मग सत्तरला थांबायचंस गं!"

"थांबले होते. खायलाही बसले. पण जाईचना."