ट्रॅक तीन आणि चारच्या मध्ये

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळी ११.२०

टेबलाखाली बसून जुन्या कॉम्प्युटरची धूळ पुसत होतो. पप्पा मागे येऊन उभे राहिले. "ह्याच्यात सीडी बनते ना?" बनते. ड्राइव्ह तीन वर्षं उघडला नव्हता. टाचणी घालून उघडला.

काम असं आहे. गेल्या गणपतीत मालाडच्या खोलीत घरचे सगळे बसले होते, तेव्हाचं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे. ४१ मिनिटं १८ सेकंद. पप्पांनीच सांगितलं होतं, फोन चालू ठेव. मी तो आईच्या मागे खिडकीत ठेवला होता. त्यात वनमाला आत्या स्वतः म्हणते की संमतीपत्रावर सही तिनेच केली. आता तिने दिंडोशीच्या कोर्टात दावा लावलाय, की सही फसवून घेतली.

मालाडची ती चाळ पाडून नवी इमारत होणार आहे. संमतीपत्र टिकलं तर नवीन घर पप्पांच्या एकट्याच्या नावावर. आत्या त्या खोलीत जन्मापासून राहते. "मी काय तिला रस्त्यावर काढणार आहे?" असं पप्पा म्हणतात.

संमतीपत्र मीच टाइप केलं होतं, आमच्या डीटीपीच्या दुकानात. दीड पान. एकही चूक नाही.

सोमवार, १३ जानेवारी

नंदकिशोर वकिलांकडे गेलो. पेन ड्राइव्ह दाखवला तर म्हणाले, तो ठेव खिशात. "मला गाण्याच्या सीडीसारखी सीडी पाहिजे. सहा ट्रॅक कर. मी चार नंबर दाबला की तुझी आत्या 'सही मीच केली' म्हणाली पाहिजे. शोधत बसायचं नाही." हीच त्यांची पद्धत, वीस वर्षं.

आणि दुसरं— "ट्रॅकच्या मधे गॅप नको. गॅप दिसला की समोरचा वकील म्हणतो, इथे कापलंय." मूळ फोन जपून ठेवायचा. सीडीबरोबर एक प्रमाणपत्र लागेल, त्यावर सही माझी, कारण रेकॉर्डिंग मी केलं. कुठून कुठपर्यंत कोणता ट्रॅक, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. चौथा २३ मिनिटं ४१ सेकंदांवर.

येताना दहा कोऱ्या सीडी घेतल्या. तीन दुकानं फिरावी लागली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आत्याकडून दरवर्षी तिळाच्या वड्या येतात. या वर्षी नाहीत.

गुरुवार, १६ जानेवारी

सॉफ्टवेअर क्र. १ (नावं वहीच्या मागच्या पानावर आहेत, इथे नंबरच लिहितो). हे कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होतं. रेकॉर्डिंगचे सहा तुकडे केले, क्रमाने लावले, बटण दाबलं. सोपं. शेजारच्या मीराकाकूंकडून जुना प्लेअर आणला, सीडी त्यावर लावली. प्रत्येक ट्रॅकनंतर सगळे गप्प. चुलत काका बोलता बोलता गप्प, पंखासुद्धा गप्प. मग पुन्हा चालू. जणू कोणी तोंडावर हात ठेवला.

घड्याळ लावून मोजलं. दर वेळी दोन सेकंद. पाच सांधे, म्हणून दहा सेकंद. एकूण ४१.१८ ऐवजी ४१.२८. म्हणजे गॅप आवाज खात नाही, मधे शांतता घालतो. सेटिंग सगळीकडे शोधलं. नाहीच.

एक सीडी वाया.

शनिवार, १८ जानेवारी

दुकानात केतनला विचारलं. तो बाजूच्या टेबलावर बॅनर करतो. "सीडी? अरे, लग्नाचे फोटोवाले पण आता देत नाहीत रे. तू काय संग्रहालय उघडतोयस?" मग स्वतःच शोधायला बसला. दोन पद्धती असतात म्हणाला. एकात मशीन ट्रॅक लिहितं, थांबतं, पुढचा लिहितं. दुसऱ्यात अख्खी सीडी एका दमात. "तुला एका दमवाली पाहिजे."

सॉफ्टवेअर क्र. २. पंधरा दिवस फुकट. 'ट्रॅकमधील अंतर' असा रकाना आहे, त्यात शून्य टाकलं. गॅप गेला, पण सांध्यावर छोटा खड्डा राहिला. तुकडे एमपीथ्री होते. त्या फाइलला म्हणे पुढेमागे थोडी रिकामी जागा चिकटतेच.

रविवार, १९ जानेवारी

तुकडे मूळ आवाजाच्या मोठ्या फाइलमध्ये केले. खड्डा गेला, 'टक्' राहिलं. आईला ऐकवलं. "मला काही येत नाही ऐकू." पप्पांना ऐकवलं. "झकास आहे की. दे आता." मला येतं ऐकू. समोरच्या वकिलालाही येईल.

तीन वाया.

मंगळवार, २१ जानेवारी

सॉफ्टवेअर क्र. ३. फुकट, दिसायला दरिद्री, पण हेच बरोबर आहे. ह्यात रेकॉर्डिंग कापायचंच नाही! अख्खी एकच फाइल ठेवायची, आणि शेजारी एक साधी मजकुराची फाइल— कोणता ट्रॅक कुठून सुरू, त्याची यादी. मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे ७५ भाग. सीडी त्याच मापाने चालते. 'टक्' का येत होतं तेही कळलं: माझे तुकडे त्या मापावर तुटत नव्हते.

टाइप करणं हे माझंच काम. तरी पहिल्यांदा चूक दाखवली, कारण मी शेवटी ८० लिहिलं होतं. ७४ च्या पुढे जाता येत नाही.

राइट केली. वेग जास्त ठेवला होता, मीराकाकूंचा प्लेअर अडखळला. चार वाया.

शनिवार, २५ जानेवारी

सगळ्यात कमी वेगाने पाचवी. एकूण ४१.१८. बरोबर.

मग हेडफोन लावून पाचही सांधे तपासले. पहिला साफ. दुसरा साफ. तिसऱ्या सांध्यावर, म्हणजे ट्रॅक तीन संपून चार सुरू होतो तिथे, काहीतरी आहे. खरखर वाटली. परत ऐकलं. खरखर नाही, बोलणं आहे. खिडकीजवळचं. फोनच्या अगदी शेजारचं.

आई— "वाचून दाखवलंत ना त्यांना?"

पप्पा— "तिला काय कळणार. गप."

आणि लगेच चौथा ट्रॅक. काका विचारतात सही कोणाची, आणि आत्या म्हणते, "होय, सही मियाच केलंय."

आतापर्यंत मी तिथे फक्त शांतता आहे का ते ऐकत होतो. शांतता गेल्यावर हे उरलं. अकरा वेळा ऐकलं. दीड सेकंदाच्या वर, दोनच्या आत.

आत्याला बसचे नंबर वाचता येतात. सही येते. ती मी शिकवली. दुसरीत होतो, शाळा सुटल्यावर मालाडला तिच्याकडेच असायचो. माझ्या पाटीवर रोज चार अक्षरं. 'मा'चा काना ती विसरायची.

मला वाटलं होतं, कागद पप्पा वाचून दाखवतील. मी विचारलं नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी चहानंतर पप्पांना हेडफोन दिला. ऐकलं. काढून टेबलावर ठेवला.

"हे कुठून आलं?"

"तिथलंच आहे."

आई ओट्यापाशी होती. वळली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली.

"काप ते. दोन सेकंदं तर आहेत."

"वकील म्हणालेत कापायचं नाही."

"वकिलांना कोण सांगायला जातंय?" मग थोडं हळू, "सिध्या, तुझं ते पहिलं सॉफ्टवेअर होतं ना? त्यात दोन सेकंदं आपोआप जायची. तेच वापर. आपण कापलं असं पण होणार नाही."

"ते खात नाही, पप्पा. घालतं."

त्यांना कळलं नाही. मला मात्र कळलं, की कसं करता येईल. पाचही सांध्यांवर गॅप ठेवायचा. तिसऱ्यावर गॅपच्या आधीचे दोन सेकंद काढून टाकायचे. जुन्या सॉफ्टवेअरची ती खोडच आहे म्हणून सांगायचं. मूळ फोन कोणी मागेपर्यंत कोणाला कळणार नाही.

दुपारी केली तशी सीडी. बेमालूम झाली. आत्याच्या वाक्याआधी स्वच्छ शांतता. पूर्ण ऐकली, मग दोन्ही हातांनी मोडली. तिचा तुकडा अंगठ्यात गेला.

पाचवीही आता द्यायची नाही, म्हणून सहा वाया.

सोमवार, २७ जानेवारी

वकिलांनी प्रमाणपत्राचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. दुकानात प्रिंट काढली. "...सदर ध्वनिमुद्रणात मी कोणताही बदल केलेला नाही..." 'प्रमाणित' ऐवजी 'प्रमाणीत' होतं, ते दुरुस्त केलं. केतन म्हणाला, "सही करायचीय की शुद्धलेखनाचा पेपर तपासायचाय?"

तीनदा वाचलं. मग सही केली.

मंगळवार, २८ जानेवारी

यादीत एकच ओळ बदलली. ट्रॅक ४ ची खूण २३:४१:०० वरून २३:३९:१०. फाइलला हात लावला नाही. चार सीड्या केल्या, चारही ऐकल्या. सांधा कुठे आहे ते आता मलासुद्धा सापडत नाही. क्र. ३ खरंच चांगलं आहे.

पप्पांना सांगितलं. आईने त्यांचं ताट वाढलं आणि म्हणाली, "पोरगा खोट्यावर सही करणार नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा."

गुरुवार, ३० जानेवारी

वकिलांनी माझ्यासमोरच चार नंबर दाबला. थांबवलं. परत दाबला. मग माझा हेडफोन मागितला.

"ही खूण मी दिली होती तिथेच आहे?"

"नाही. दोन सेकंद आधी आहे. हे तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी राहिलं असतं, तुम्ही ऐकलं नसतं."

"मधुकररावांना माहितीये? तुझ्या वडिलांना?"

"हो."

चष्मा काढून डोळे चोळत राहिले. "तारखेला पाच दिवस आहेत. वडिलांना म्हणावं, बहिणीशी बोला. दोन्ही नावं लावून घ्या. हे ऐकून मी तिला खोटी पाडायला उभा राहणार नाही." निघताना म्हणाले, "सांधा सुंदर जमलाय."

रविवार, २ फेब्रुवारी. मालाड. दुपारी १२.४०

सीड्या एकूण १०. वाया ६. वकिलांना २. माझ्याजवळ १. आत्याला १, तिला चार नंबर दाबता येतो.

पप्पा खाली फाटकापर्यंत आलेत. वर आले नाहीत अजून.

आत्याला संमतीपत्र वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. चार मिनिटं लागली.