भिंतीपलीकडचे लूम

भिवंडी, ४ जानेवारी २०२५

ती. आक्कांना,
सुचेताचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने आता घराची तालीम केली आहे. तनयाचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास ठाण्याला, रोज जाणं जमत नाही, म्हणून सरांनी घरी करायचे व्यायाम दिलेत. केदारने मागच्या खोलीच्या भिंतीत बोल्ट ठोकून लोखंडी दांडा बसवलाय. ती त्यावर लोंबकळून पाय डोक्याच्या वर नेते, खाली उतरून कमान करते. बरगड्या दिसल्या की मी तिला धरायला धावते. ती मलाच डोळे मिटायला सांगते. तुमची भाची तुमच्यावरच गेली आहे.

लोभ आहेच, तो तसाच असू द्या.
सुचेता

अंबाडी, ७ जानेवारी

चि. सुचेता,
अनेक आशीर्वाद.

कमानीला भिऊ नकोस. आधी अंग गरम करू दे, वरून दाबू नका, म्हणजे झालं. मला भीती त्या दांड्याची वाटते. दिवाळीत मी त्याच खोलीत झोपले होते. भिंतीलगत ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सारखं थरथरत होतं. पलीकडे कापड विणायचे लूम आहेत. तुम्हाला सवयीने जाणवत नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून हाताला कळलं. केदारला बोल्ट बघायला सांग. फोनवर मला काही ऐकू यायचं नाही, म्हणून हे भिवंडीला येणाऱ्या काळूरामच्या टेम्पोने पाठवते.

पोरीला जप, आणि म्हातारीवर रागावू नकोस.
आक्का

भिवंडी, ११ जानेवारी

ती. आक्कांना,
सा. न.

काल शुक्रवार, केदार घरी होता. त्याने स्वतः दांड्याला लटकून झोके घेतले. दांडा हलला नाही. आक्का उगाच घाबरवते म्हणून हसला. तनयाही लटकली. मीही निश्चिंत झाले. शुक्रवारी लूम बंद असतात, हे आम्हा भिवंडीकरांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आज सकाळी लूम सुरू झाले. तनया पकड निसटू नये म्हणून हातांना पांढरी पावडर लावत होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी तांब्या भरून भिंतीजवळच्या स्टुलावर ठेवला. पाणी थरथरलं. तिला थांबवून बोल्टला हात लावला, तर तो बोटांत फिरला आणि सुटून आला. मागोमाग भिंतीची पांढरी भुकटी ओघळली.

आक्का, ही भुकटी मी आठवडाभर रोज केरात भरत होते. तनयाच्या हातांची पावडर समजून.

केदारने दांडा काढलाय. तनया रुसून जमिनीवरच व्यायाम करते आहे. तांब्या अजून स्टुलावरच आहे, उचलायचा धीर होत नाही.

अशीच आमच्यावर नजर असू द्या.
सुचेता