बक्षिसाचा गडू

कारंजा, ५ जून १९५५

प्रिय उदयसिंग,

आखाजीच्या सणातल्या सायकल शर्यतीला दीड महिना झाला. कामरगावाहून तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच पुन्हा टाक घेऊन बसलो आहे. रागावला असलास तरी वाच, मला एक नवल सापडलं आहे.

आठवतं, तू विचारलं होतंस, "पानी न पिता तू इतका पळतं कसा बे?" आम्ही जैन, दिवस मावळल्यावर घरात कोणी थेंबभर पाणी घेत नाही, आणि सकाळी ऊन वर आल्याशिवायही नाही. पहाटे सायकल काढायचो ती कोरड्या घशानेच. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, पाण्याने पाय जड होतात, तूही कोरडा राहा. हट्टी तू, अगदी मनावर घेतलंस.

गेल्या सोमवारी मंगरूळहून परतेपर्यंत सूर्य बुडाला आणि माझं पाणी राहिलं. दुसऱ्या सकाळी नाल्याच्या चढावरच पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे काजवे! आधी मी साखळीलाच दोष दिला, तेल घातलं. पण पुढच्या पहाटे तोच चढ सहज गेला. असं का व्हावं? मग आठवलं, रोज दिवे लागण्याआधी आई समोर उभी राहून मला दोन लोटे पाणी पाजते, वर मीठ घातलेलं ताक. मुद्दाम आणखी दोनदा ते चुकवून पाहिलं. दोन्हीदा सकाळी तेच हाल. माझी कोरडी पहाट तू उचललीस, पण संध्याकाळ मी तुला कधी सांगितलीच नाही. तिचं मोल मलाच ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र ठाऊक होती. शर्यत नऊला सुटली, तोवर माझी पाण्याची वेळ होऊन गेली होती आणि मी घरून पोटभर पाणी पिऊन आलो होतो. तू माझ्या शब्दावर आदल्या रात्रीपासून कोरडा. तुझ्याच गावच्या विहिरीपाशी तू चक्कर येऊन पडलास, लोक म्हणाले, "याच्यात दमच नाई," आणि मी गप्प राहिलो. फार लाज वाटते रे. काल तुझ्या गोमतीकाकू इथल्या बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "त्यानं सायकल मामाले द्याचं ठरवलं." देऊ नकोस. रविवारी सकाळी मी येतोय. त्या शर्यतीत मी जिंकलेला बक्षिसाचा पितळी गडू सोबत आणतो. त्याच विहिरीवर, त्याच लोकांसमोर तो भरून तुझ्या हातात देईन आणि सगळं सांगेन. मग सायकल काढू. आधी तू पी.

तुझाच,
देवेंद्रकुमार