गंगूकाकूचा अंगठा

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००१

काल लिहिलं, की फाशीचा पिक्चर पाहून मी रडले. खोटं. मी घाबरले. त्यातला निरपराध माणूस एका खोट्या साक्षीमुळे फासावर गेला, आणि तशीच साक्ष मी लिहिली आहे. दुकानदाराच्या खुनाबद्दल मेंढपाळ किसनला फाशी द्या, हा गावाचा अर्ज माझ्याच अक्षरात आहे. शेजारच्या गंगूकाकूने खुनाच्या रात्री अंधारात फक्त ओरडणं ऐकलं होतं. अर्जाला जोर यावा म्हणून मी तिच्या नावाने 'किसनला मारताना डोळ्यांनी पाहिलं' लिहिलं. डोळ्यांनी! का लिहिलं मी?

आज काकूला हे सांगून ठाण्यात चल म्हटलं तर हसली. "काहून घाबरून राहिली गं? तू शिकलेली पोरगी, बराबरच लिहिलं असशील. म्हणून तर म्या अंगठा देला."

डोकं शिणलंय. अर्ज पोलिसांकडे पोचलाय. काकू आली नाही तरी मी खरं सांगायला ठाण्यात जाणार, सोमवारी, १२ तारखेला.