हळवो म्हणजे हळवा नव्हे

उधना, सुरत
३ मे

माननीय काशीनाना यांना,

उधन्याहून तुमचा एकुलता एक (आणि तरीही दुर्लक्षित) मेहुणा सुकलाल याचा नमस्कार. जावयाने साल्यापुढे वाकायची आपल्यात रीत नाही, पण मी वाकलोय असं समजा. कमरेला पट्टा असल्याने प्रत्यक्षात वाकता येत नाही, मनातून वाकलोय. तुमचा डावा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? ती मारकी म्हैस विकलीत, की आता तीच तुम्हाला विकायला निघाली आहे? आमच्याकडे तुमची बहीण शांताबाई खुशाल, भाची साक्षी खुशाल, आणि मी? नाना, मी नुसता खुशाल नाही, मी हवेत आहे! चार दिवस झाले, जेवताना मध्येच उठून टाळ्या वाजवतो. शेजारचे लोक मुलीच्या लग्नाचं टेन्शन म्हणून मला लिंबूपाणी आणून देतात.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर मी 'रेकॉर्ड' हा शब्द काढला की तुम्ही 'हॅलो, हॅलो, आवाज कटतोय' म्हणत फोन ठेवता. पत्राचा आवाज कटत नाही. फाडून टाकलंत तर वहिनी तुकडे जुळवून मोठ्याने वाचून दाखवतील, मी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलंय. तेव्हा खाटेवर नीट बसा, पाणी जवळ ठेवा आणि वाचा.

तुम्हाला माहीत असलेलंच आधी लिहितो, कारण चाळीस वर्षं मी लूमवर जॉबरकी केली, बिघडलेले माग दुरुस्त केले, आणि यंत्राचा बिघाड सांगायचा तर पहिल्यापासून सांगावा अशी आमची शिस्त आहे. तर सन ऐंशी. तुम्ही एकोणीस वर्षांचे. पहाटे घरात कुणालाही न सांगता तुम्ही सुरतची गाडी धरलीत. त्याच दिवशी दुपारी जळगावकडून दोन माणसं गावात लग्नाची गाणी टेप करायला आली, आणि तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई सरलाबाई (ज्यांना बघायचं माझ्या नशिबात नव्हतं), ओट्यावर बसून हळदीचं गाणं गायल्या. दोन महिन्यांत तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मागून त्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, आपण म्हणतो ती प्लेट, टपालाने आली, उन्हाने जरा वाकून. तुम्ही गावी आलेले असताना भोंगेवाल्या चिंधाच्या मशीनवर ती लावली, तर ओळीओळीला आवाज थरथरला, फाटला, आणि सगळं गाव म्हणालं, पोरगा न सांगता गेला म्हणून माय रडत रडत गायली. तुम्ही तिथून उठून गेलात ते आजपर्यंत ती प्लेट तुम्ही कानावर पडू दिली नाही. मी तुम्हाला बोल लावत नाही. मी असतो तर मीही उठलो असतो.

आता आजची गोष्ट. तुमची भाची म्हणते, हळद लागेल तर आजीच्या आवाजात लागेल, डीजेच्या नाही. आणि तुम्ही निरोप पाठवलात, ती रडकी प्लेट वाजली तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. मामाशिवाय पोरीला बोहल्यावर कोण नेणार? मी? माझी कंबर? साक्षी दोन दिवस न जेवता राहिली (बाहेर पाणीपुरी खात होती असा मला संशय आहे, पण घरात जेवली नाही एवढं खरं). तिला आजीही हवी, मामाही हवा. मग मी ठरवलं, की आधी हे रडणं आहे तरी किती ते बघू. शांताबाईच्या ट्रंकेतून प्लेट काढली. चौकाजवळच्या जुन्या बाजारातून एक प्लेअर आणला, ज्याचं खोकं एका मशीनचं आणि आर्म भलत्याच मशीनचा होता. आर्म म्हणजे सुई धरणारा तो लांब हात हो. हा हात जुन्या काळचा, जाडजूड, सांडशीने घडवल्यासारखा. त्याच्या टोकाला सुईची मुंडी नव्हती, तर मी हौसेने कुरियरने नवी मागवली. भारीतली, नाजूक. म्हटलं, सासूबाईंच्या बाबतीत कंजुषी नको.

सुई टेकवली मात्र, नाना, काय सांगू! चिंधाच्या मशीनवर रडत होत्या म्हणता ना, इथे तर धाय मोकलून! 'मनी आंडेरले हयद लावा वं' या ओळीत 'मनी' समजलं, 'वं' समजलं, मधली लेक आणि तिची हळद सगळी फाटकी. शांताबाई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून बसली. मी जॉबर माणूस. ताणा ढिला पडला, धागा लोंबला, की बीमवर वजन वाढवायचं, हे आमचं एकच औषध. मी मुंडीवर पाचाचं नाणं ठेवलं. थरथर थोडी दबली, पण सूर चेपून गेला. दुसरं ठेवलं. प्लेट अडखळत फिरायला लागली आणि आतून सासूबाईंच्या जागी सासरेबुवा गायला लागले! (तेही पडसं झालेले.) वजन काढलं तर सुई उड्या मारत थेट मधल्या लेबलवर. त्या दुपारी मी तीन वेळा शर्ट बदलला.

मग चेतनभाईंकडे गेलो. हे रेडिओ दुरुस्त करणारे सुरती गृहस्थ, हात सोन्याचा, पण तोंडात कायम मावा, त्यामुळे बोलणं मोजकं. मी अर्धा तास हिंदीत सगळी हकीकत सांगितली, तुमच्या पहाटेच्या गाडीसकट. त्यांनी मुंडी भिंगाखाली धरली आणि मान वर करून एवढंच म्हणाले, "आने हळवो हाथ जोईए, काका." संपलं. पुढचं गिऱ्हाईक. आता तुम्हाला माहीत आहे, मी सुरतेत चाळीस वर्षं काढली, पण उधन्यात गुजराती लागतेच कुठे? शेठ हिंदीत शिव्या देतो, कारागीर ओडिया बोलतात आणि घरात बायको अहिराणीत झापते. मी समजलो, हिला हळवा हात पाहिजे. म्हणजे ज्याचं मन हळवं, त्याने सुई टेकवावी! मला ते इतकं पटलं, की परतीच्या रिक्षात माझेच डोळे भरून आले. आईची प्लेट आहे, उपऱ्याचा हात तिला कसा चालेल?

घरात सगळ्यांत हळवं कोण? शांताबाई. टीव्हीतली परक्याची सून रुसली तरी हिच्या डोळ्यांत पाणी. तिला आंघोळ करायला लावली, अगरबत्ती लावली, आणि 'आई, मी शांता' म्हणत तिने दोन बोटांनी सुई टेकवली. प्लेट रडली. शांताबाई रडली. तिचं बघून शेजारच्या योगिताबाई रडल्या, त्या साखर मागायला आल्या होत्या. मी मात्र तेव्हा घड्याळाकडे बघत होतो. बायको रडत असताना घड्याळ बघितल्याबद्दल मी नंतर भरपूर ऐकून घेतलं, पण नाना, खरी मेख तिथेच सापडली! तो हुंदका दर फेऱ्याला एकदा येत होता. प्लेट एकदा फिरली, एक हुंदका. परत फिरली, परत तेवढाच. कापडात दर हातावर तोच दोष दिसला की जॉबर धागा बघत नाही, यंत्र बघतो. माणूस रडतं तेव्हा आडवंतिडवं रडतं. इतकं वेळेवर तर पगारी माणूसही रडत नाही!

तेवढ्यात साक्षी कामावरून आली. ती कापड मार्केटात दिवसभर गुजरातीत बोलते. अगरबत्ती, रडणाऱ्या दोन बाया आणि घड्याळ धरलेला बाप बघून तिने विचारलं, काय चाललंय? मी चेतनभाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पोरगी जमिनीवर बसून हसली हो! म्हणाली, "पप्पा, हळवो म्हणजे हलका! वजनाला हलका! ते प्लेअरच्या हाताबद्दल बोलत होते, मम्मीच्या नाही!" मी तसाच अनवाणी चेतनभाईंकडे पळालो. त्यांनी त्या दिवशी मावा थुंकून नीट समजावलं (माझ्या आनंदात सामील व्हायचं त्यांचं ते सर्वांत मोठं पाऊल). मुंडी मऊ आणि हात जड, हा जोडा जमत नाही. प्लेट वाकलेली. तिच्या उंचवट्यावर तो जड हात हेलकावतो, मऊ मुंडी त्याला आवरू शकत नाही, सुई कधी दबते कधी सुटते, आणि वरच्या सुरात आवाज फाटतो. मी लगेच चिंधाला फोन लावला. म्हटलं, खरं सांग, तुझ्या मशीनचा जोडा कुठला होता? ऐंशीच्या घरातला माणूस, पण हसत म्हणाला, हात धरणगावचा, मुंडी मालेगावची, जे मिळालं ते बसवलं! पंचेचाळीस वर्षं, नाना! तुम्ही छातीवर धोंडा घेऊन फिरलात तो धरणगाव आणि मालेगावचा होता!

मग एक हलका हात मिळाला (कुठून, ते विचारू नका). चेतनभाईंनी कागदाची पट्टी ठेवून सुईचा कोन लावून दिला. दाब किती द्यायचा ते मोजायला आमच्या गल्लीतला हिऱ्याचं काम करणारा प्रदीप आपला हिरे तोलायचा काटा घेऊन आला. पावणेदोन ग्रॅम! आयुष्यात पहिल्यांदा मी वजन वाढवण्याऐवजी कमी केलं. सुई टेकवली.

नाना, आई रडत नव्हत्या. माझ्या साक्षीची शपथ घेऊन सांगतो, रडत नव्हत्या! आवाज कसा, घासलेल्या पितळेच्या तांब्यासारखा लख्ख. शब्दन् शब्द कळतो. तिसऱ्या कडव्यात मागून सूर धरणारी एक बाई चुकते आणि आई गाता गाता हसू दाबतात, ते दाबलेलं हसू सुद्धा ऐकू येतं. साक्षी म्हणाली, 'आजी तर माझ्यासारखी हसते.' आणि मी, जो सासूला कधी भेटलो नाही तो मी, प्लेअरसमोर हात जोडून उभा राहिलो. चार वेळा लावली. पाचव्यांदा चेतनभाईंनीच प्लग काढला. आवाज हळवा नव्हता, नाना, हात हळवो नव्हता! एवढंच होतं!

तेव्हा आता सबब उरलेली नाही. हळद चौदाला, लग्न पंधराला. तुम्ही बाराला निघा, गुडघ्याला तेल लावून निघा, म्हैस वहिनींच्या भावाच्या गळ्यात बांधा. वहिनींना नमस्कार. पोरीला बोहल्यावर मामाच नेईल, असं मी व्याह्यांना तोंड वर करून सांगून बसलोय. त्या तोंडाची लाज तुमच्या हातात आहे.

तुमचा,
सुकलाल

ता. क. : तो हलका हात तुमच्याच प्लेअरचा आहे. रिटायर होऊन गावी जाताना तुम्ही तो मोटार जळालेला प्लेअर माझ्याकडे 'जिवापाड जप' म्हणून ठेवला होता, तोच. मी त्याचा हात पान्याने काढला. जपूनच काढला, पण खोक्याला एक चीर गेली. बरीच मोठी आहे.

दुसरा ता. क. : शांताबाई दळण आणायला गेली आहे म्हणून घाईत लिहितो, तिने हे लिहायला सक्त मनाई केली आहे. गाणं संपल्यावर सुई उचलू नका, मशीन बंद व्हायच्या आत आई कुणाशी तरी बोलतात. मागून बाई विचारते, तुना पोऱ्या कोठे शे वं? आणि आई म्हणतात : "काशी सुरत गया. भाकरी मीच बांधी दिनी त्याना पिशवीमा. त्याले वाटस माय झोपेल शे." मग हसतात. नाना, गाडीत पिशवी उघडल्यावर निघालेल्या त्या भाकऱ्या दहा वर्षांच्या शांताने बांधल्या असं तुम्ही धरून चाललात आणि दर राखीला तिला साडी नेसवलीत. तिने पंचेचाळीस साड्या घेतल्या, पण तोंडातून ब्र काढला नाही! साडी बंद करू नका, ती मला जगू द्यायची नाही. साक्षीने ते बोलणं मोबाइलमध्ये घेतलंय, पण आम्ही दोघांनी ठरवलंय, तुम्हाला पाठवायचं नाही. आईचा आवाज ऐकायचा असेल तर हळदीला या.