सिनियर गट, सहा फेऱ्या

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ८
आजपासून रोजनिशी लिहिणार. पुढे लोक विचारतील, कापगते साहेब, तयारी कशी केली होती? तेव्हा नुसत्या आठवणीवर भागणार नाही.

काल गोरेगावच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर पोस्टर पाहिलं. कोहमाऱ्याजवळ १६ फेब्रुवारीला मोटोक्रॉस. म्हणजे रस्ता सोडून धानाच्या रिकाम्या बांध्यांतून, त्यांचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या धुऱ्यांवरून, चिखलातून मोटारसायकलची शर्यत. खाली बारीक अक्षरात : सिनियर गट, वय पंचावन्नच्या वर, सहा फेऱ्या.

मी अठ्ठावन्न. बत्तीस वर्षं भूमापक होतो. या जिल्ह्यातली जमीन मी जितकी पायाखाली घातली तितकी कोणी घातली नसेल. बाकीचे जमिनीवरून गाडी चालवतील. मी जमीन वाचतो.

रुख्माला सांगितलं. ती डाळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "कायले?"
बायको असली तरी प्रत्येक गोष्ट समजावून सांगता येत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
संकल्प : पहाटे पाचला उठणे, तासभर व्यायाम, भात अर्धा, गोड बंद. शर्यतीपर्यंत पाच किलो कमी.
सुरुवात उद्यापासून.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. लक्षात नव्हतं. तिळाचे लाडू औषधी असतात. सुरुवात परवापासून.

१७ जानेवारी, शुक्रवार
गाडी मेकॅनिककडे नेली. माझी जुनी शंभर सीसी, पंचवीस वर्षं मोजणीला नेलेली. इंद्रकुमारला म्हटलं, मडगार्ड काढ, इंडिकेटर काढ, आरसे काढ, गाठीचे टायर टाक, रेसिंगची करायची आहे. तो गाडीभोवती फिरला. म्हणाला, "साहब, इतना सब निकालेंगे तो बचेगा क्या?"
म्हटलं, बचेगा इंजिन और बचेगा चालक.
हसला. पण मला साहब म्हणाला, हे नोंदवून ठेवतो. एप्रिलमध्ये निवृत्त झाल्यापासून टपरीवरची मुलं "काका, जरा सरका" म्हणतात.

१९ जानेवारी, रविवार. दुपार
पहिला सराव. गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, खाली पडीक जमीन आहे, तिथे.
पडलो असं म्हणता येणार नाही. गाडी थांबली, मी पुढे गेलो. ब्रेक उत्तम असल्याचं सिद्ध झालं.

तिथे आधीच एक बाई हेल्मेट घालून फेऱ्या मारत होत्या. पुष्पांजली सिस्टर. दरेकशाकडे आरोग्यसेविका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त. त्याही सिनियर गटात! गटात पाच जण आहोत, त्यांतली एकटी बाई. म्हणाल्या, लसीचा डबा गाडीला बांधून तीस वर्षं जंगलातल्या वस्त्यांवर जात होते, आता घरी बसून कंटाळा आला.
कौतुक वाटलं. पण डबा पोचवणं वेगळं आणि रेसिंग वेगळं. त्यांना थोडं मार्गदर्शन करायचं ठरवलं आहे. मोफत.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून सरावाला गेलो. सिस्टरांना धुरा चढण्याची थिअरी सांगितली : उताराचा कोन, वजनाचा मध्य, वगैरे. त्यांनी हेल्मेट काढून सगळं ऐकलं, पुन्हा घातलं आणि धुरा चढून पलीकडे गेल्या. थिअरी पटलेली दिसते.

मग मी गेलो. धुरा अर्धा चढलो. उरलेला अर्धा गाडीने मान्य केला नाही.
सिस्टर परत आल्या. गाडी उचलायला हात लावला आणि म्हणाल्या, "सर, धुऱ्यावर सीटवर बसू नका, फुटरेस्टवर उभे राहा. आन् वळणावर समोर नका पाहू. जिकडं जायचं, तिकडं पाहा. नजर जाते तिकडं गाडी जाते."
हे मी त्यांना सांगणारच होतो.

३० जानेवारी, गुरुवार
व्यायाम सुरू करायला हवा. वजन केलं. दीड किलो वाढलं आहे. स्नायूंचं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार
सराव रद्द. उजवा गुडघा सुजला आहे. कारण गादी. फार मऊ आहे.

रुख्माने निरगुडीचा पाला गरम करून बांधला. बांधता बांधता म्हणाली, "तुमी जिंकाले जाऊन राहिले का हाडं मोडाले?"
म्हटलं, जिंकायला.
म्हणाली, "नोकरीत होते तवा घरी आले का नकाशे घेऊन बसत. माझ्यासंग बोलाले टाइम नोता. आता कोणी इचारत नाही तं गाडीसंग बोलून रायले. मी का मेली का?"
म्हटलं, गाठ जरा सैल बांध.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रुख्माशी अर्धा तास बोललो. विषय : टायरमधली हवा. ती मधूनच झोपली. तरी सुरुवात चांगली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आयोजक खुशाल यांच्याकडे फॉर्म भरायला कोहमाऱ्याला गेलो. पस्तीस-चाळिशीचा माणूस, ढाब्याच्या बाजूला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. फॉर्ममध्ये "पूर्वानुभव" असा रकाना. लिहिलं : बत्तीस वर्षे. खुशाल म्हणाले, "रेसिंगचा का सर?" म्हटलं, मातीचा. त्यांनी ते तसंच राहू दिलं.
परत येताना टपरीवर सहज बोलून गेलो की पहिला नंबर जवळजवळ नक्की आहे. "जवळजवळ" हा शब्द मी वापरला होता. ऐकणाऱ्यांनी गाळला. आता सगळ्या गोरेगावला माहीत झालं आहे. पोस्टमन "अभिनंदन" म्हणून गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार
सत्काराला उत्तर म्हणून चार शब्द लिहायला बसलो. सहा पानं झाली. छोटं करावं लागेल. मुलीला, दामिनीला, फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर नागपूरची रेंज गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ
शेवटचा सराव. सिस्टर म्हणाल्या, "सर, आज एक फेरी पुरी करा. न पडता. बस, एकच."
आढावा घेतला. एक सलग फेरी अजून झालेली नाही. पण तुकडे जोडून पाहिले तर साडेतीन भरतात.
सिस्टरांना हिशेब सांगितला. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाल्या, "माझा एक पेशंट होता, असाच. प्रत्येक वेळी म्हणे, ताप नाही, थर्मामीटर गरम आहे."
गमतीदार पेशंट असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
विश्रांती. शरीर ताजं ठेवायचं. विश्रांतीचा कार्यक्रम तेवढा ठरल्याप्रमाणे पार पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ५.४०
उठलो! म्हणजे रुख्माने उठवलं. तिने डबा केला आहे. ती पण येते म्हणाली. म्हटलं, गर्दी असेल, उन्हात उभं राहावं लागेल. म्हणाली, "तुमाले उचलाले कोणी तं पायजे."
तिचा विनोद कधीकधी चांगला असतो.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७
वृत्तांत शांतपणे लिहितो.

जमुनाबाई नावाच्या म्हातारीचं शेत. बांध्या, धुरे, कोपऱ्यात बोडी. दोन-तीनशे लोक. माइकवर माझं नाव घेतलं तेव्हा गोरेगावच्या बाजूने शिट्ट्या आल्या. रुख्मा डोक्यावर पदर घेऊन दोरीला चिकटून उभी होती.

झेंडा पडला. मी पहिला. हे कोणी नाकारू शकणार नाही. निदान चाळीस मीटर मी पहिला होतो, सिस्टरांच्याही पुढे, बालाघाटहून आलेल्या एका डॉक्टरच्याही पुढे. मागे चौघांचा आवाज. आयुष्यात असा आवाज मागे कधी नव्हता.

मग बोडीजवळचं वळण. सगळे डावीकडे गेले. मी वेगळी लाइन घेतली. ती लाइन धुऱ्यातून गेली. पलीकडे ओल होती. हँडलपर्यंत गेलो.
चार प्रेक्षकांनी गाडी काढली. पाचव्याने मला.

मी सोडलं नाही. पुन्हा किक मारली, पुन्हा निघालो. दुसऱ्या फेरीत दोनदा थांबलो, एकदा धुऱ्यावर, एकदा धुऱ्याच्या आधी. तिसरीत उभं राहून चालवलं. थोडा वेळच, पण तिन्ही धुरे चढलो. सिस्टर शेजारून गेल्या आणि ओरडल्या, "हां सर, अस्सं!"

चौथ्या फेरीत खुशाल झेंडा हलवू लागले. प्रोत्साहन म्हणून मीही हात हलवला. लोक ओरडायला लागले. माझा वेग वाढला. माइकवर काहीतरी सांगत होते, हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही. पाचवी फेरी सुरू केली तर समोर ट्रॅकच्या मधोमध रुख्मा. हात आडवे करून. तिला पाहिलं आणि गाडी तिच्याकडेच निघाली. तिच्यापासून दोन हातांवर बंद पडली.

म्हणाली, "झालं जी. शर्यत संपली. पोरायची रेस अडकून रायली. उतरा."
म्हटलं, माझ्या दोन फेऱ्या बाकी आहेत.
म्हणाली, "मी मोजून रायली ना. चार झाल्या. चार पुऱ्या झाल्या." आणि पदराने माझ्या हेल्मेटची काच पुसली. तेव्हा कळलं, एवढा वेळ मला जवळपास काहीच दिसत नव्हतं.
मग तिने मागून गाडी ढकलली, मी हँडल धरलं. तेवढ्यात शिट्ट्या पुन्हा आल्या. कोणासाठी, ते पाहिलं नाही.

निकाल : पुष्पांजली सिस्टर पहिल्या. म्हणजे माझं मार्गदर्शन पहिलं आलं. मी पाचवा. एकूण स्पर्धक पाच, पण टपरीवर "पहिल्या पाचात" एवढंच सांगितलं तरी ते खोटं ठरत नाही.
भाषणाची वेळ आली नाही. वेळेअभावी.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८
खुशाल यांचा फोन. "सर, जमुनाबाई बोलावून रायल्या तुमाले. शेतावर. तुमीच पायजे म्हणते."
पाहिलंस, रुख्मा? ज्यांच्या जमिनीवर झालं त्यांना कळतं कोण कसं खेळलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. ती म्हणाली, "जुना घाला." ऐकलं नाही.

१७ फेब्रुवारी. दुपारी ४
शेतात कोणी नव्हतं. ना मांडव, ना दोरी. जमुनाबाई एकट्या, सत्तरीच्या, फुटलेल्या धुऱ्याशी उभ्या. मला पाहून विचारलं, "तुमची गाडी होती का जी?"
म्हटलं, गाड्या खूप होत्या. पाच आमच्या, नंतर मुलांच्या वीस. नेमकी कोणाची, हे सांगणं कठीण आहे.

त्यांनी बोट दाखवलं. पाहिलं. सगळ्या चाकोऱ्या डावीकडे वळल्या होत्या, एकीवर एक. एकच सरळ आली होती आणि धुऱ्यातून आरपार गेली होती. मातीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचायला काहीच अवघड नव्हतं.

जमुनाबाईंनी फावडं हातात दिलं. म्हणाल्या, "उन्हाळी धान लावाचा हाय. पाणी थांबलं पायजे."
अकरा वाजता सुरू केलं. ओली माती ओढायची, रचायची. शर्ट गेला. गुडघ्याचं लिहीत नाही. मध्ये त्यांनी चहा आणला, कोरा, आणि पदर सावरून शेजारी बसल्या. विचारलं, "कितवा नंबर आला, बावा?"

पाचांत पाचवा म्हणजे काय, हे समजावून सांगायला बराच वेळ लागला असता. हात मातीचे होते. समोर ती एकटी चाकोरी होती.
म्हणालो, "शेवटचा."
त्या म्हणाल्या, "असं का. दाबा मंग चांगली, झिराले नाही पायजे."
दाबली.